पुण्यातली नोकरी सोडून रावेरच्या केळीवर स्टार्टअप करू का? गुंतवणूकदार मिळेल का, आणि किती टक्के द्यावे लागतील?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात आयटीत आहात, घर जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात, केळीवाले शेतकरी आणि व्यापारी यांना थेट जोडणारं ॲप तयार आहे. मी यावलकडचाच, सध्या एका छोट्या फंडात सुरुवातीच्या कंपन्यांमध्ये पैसे लावायचं काम करतो, म्हणून भाऊ स्पष्टच सांगतो, आहे तसं ॲप घेऊन आलात तर मी पैसे देणार नाही.

कारण ते दोघं एकमेकांना ओळखतातच की. कोणाची नवती (नव्या लागवडीची बाग) कधी कापणीला येतेय हे व्यापाऱ्याला शेतकऱ्याच्या घरच्यांआधी माहीत असतं, आणि भाव काय, रोज व्हॉट्सॲपवर येतो, बऱ्हाणपूरचा पण येतो. खरी भानगड त्याच्यापुढे आहे. रोज जाहीर होणाऱ्या बोर्डावर एक भाव, आणि शेतात गाडी लागली की माल बारीक आहे, पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवरचं पीक) आहे, डाग पडलेत म्हणून दुसराच भाव, वरून दांड्याच्या वजनाची कटती, आणि पेमेंट कधी येईल ते देवाला माहीत. कापणारे मजूर व्यापाऱ्याचे, गाडी त्याची, अडीअडचणीला उचल पण तोच देतो. आता यात तुमचं ॲप नेमकं काय करतं? पेमेंटची हमी घेतं का? गाडी दिल्लीला पोचली आणि तिथला म्हणाला फळ काळं पडलंय, किलोमागे २ रुपये कमी घ्या, तर ते २ रुपये कोणाच्या खिशातून जाणार? याचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याच्याशी मी अर्धा दिवस बसायला तयार आहे, त्याची स्लाईड नसली तरी चालेल. एक पोरगा आमच्याकडे नुसती वही घेऊन आला होता, पानावर रकाने, शेतकऱ्याचं नाव, सांगितलेला भाव, दिलेला भाव, कटती, पैसे कोणत्या तारखेला मिळाले, आणि शेवटच्या रकान्यात ‘पुन्हा आपल्याला माल दिला का’. तो शेवटचा रकाना बघून मी चहा परत मागवला.

आता फंडाचं गणित, हे कोणी नीट सांगत नाही. समजा १०० कोटींचा फंड आहे आणि तो २५ कंपन्यांत लावला. त्यातल्या बऱ्याच बुडतात, काही मुद्दल परत देतात, म्हणजे एकदोघांनीच अख्खा फंड वसूल करून द्यायचा असतो. तुमच्यात आमचे शेवटी १५ टक्के उरले तर १०० कोटी परत यायला तुमची कंपनी साधारण ६६७ कोटींना विकली गेली पाहिजे. तुम्ही सावद्याला रायपनिंग चेंबर (केळी पिकवायची खोली) टाकून वर्षाला २ कोटी नफा कमावला तर अख्खा तालुका तुम्हाला शेठ म्हणेल, माझ्या फंडाला मात्र त्याचा काही उपयोग नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. असा धंदा करायचा असेल तर आमच्या मागे फिरूच नका, जिल्हा उद्योग केंद्रात जा, पीएमईजीपीत, म्हणजे छोट्या उद्योगांना सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, उत्पादनाच्या प्रकल्पाला ५० लाखांपर्यंतचा खर्च धरतात आणि ग्रामीण भागात २५ ते ३५ टक्के सबसिडी आहे, ५ ते १० टक्के स्वतःचे घालायचे, बाकीचं बँकेचं कर्ज. कागदपत्रांना वैताग येतो, पण कंपनी पूर्ण तुमची राहते.

आपल्याकडे लगेच अमळनेरचं उदाहरण देतात. विप्रो १९४५ साली तिथेच वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली, आणि गावातल्या कित्येक घरांनी ते शेअर पिढ्यानपिढ्या सांभाळले, त्यांचं सोनं झालं. पण त्या लोकांना कोणाला उत्तर द्यायचं नव्हतं हो! फंडाची मुदत साधारण १० वर्षांची असते, नंतर ज्यांचे पैसे घेतले त्यांना परत द्यायचे असतात, त्यामुळे आमचा माणूस सातव्या-आठव्या वर्षी ‘आता विकायचं बघा’ म्हणणारच. याची तयारी नसेल तर व्हेंचरचा, म्हणजे आमच्यासारख्या फंडांचा, पैसा घेऊ नका.

टक्क्यांचं म्हणाल तर पहिल्या राऊंडला, म्हणजे पहिल्यांदा गुंतवणूक घेताना, साधारण १० ते २० टक्के द्यावे लागतात, कोणी ४० मागत असेल तर नमस्कार करून उठा, कारण पुढचा गुंतवणूकदार तो आकडा बघूनच पळेल. आणि मित्राला पार्टनर करताय ना, त्याचे शेअर ४ वर्षांत हळूहळू त्याच्या नावावर होतील आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काहीच मिळणार नाही असं आजच लिहून घ्या. मैत्री आहे म्हणून लिहायचं राहतं, आणि मग तो सहा महिन्यांत दुबईला जातो, अर्धी कंपनी घेऊन.

नोकरी लगेच सोडू नका. कापणीच्या सीझनला बिनपगारी का होईना मोठी रजा काढा, गावाकडच्या ४-५ शेतकऱ्यांचा माल स्वतः उचलून स्वतः विका, ॲप बंद ठेवून, फोनवर. त्यांनी पुढच्या कापणीला तुम्हाला आपणहून फोन केला तर राजीनामा द्या आणि मला मेसेज करा. नाही केला तर २०-३० माणसांच्या एखाद्या शेतमालाच्या कंपनीत घुसा, पगार कमी मिळेल, पण कोडिंग सोडून वसुली, गाड्या, गिऱ्हाईकाच्या शिव्या हे सगळं तिथे बघायला मिळतं. मोठ्या आयटी कंपनीत अजून पाच वर्षं काढून ते दिसणार नाही.