घरचं वर्कशॉप: चार सिलिंडर, आठ व्हॉल्व आणि एक सिरिंज

प्रश्न: काका, मी देवगडचा. मच्छीमारांच्या बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात 25 वर्षं गेली. आता हौस म्हणून घरच्या पडवीत चार सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन केलंय, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 20 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) 20, व्हॉल्व हेडमध्ये (वरच्या झाकणात), पाण्यावर थंड होणारं. दीड वर्ष लागलं. पण ड्रिल मशीनने फिरवलं की दोन-तीनदा फट् फट् करतं आणि गप्प. कॉइल तीनदा बदलली. प्लग ग्रासकटरचे आहेत, कार्बोरेटरपण ग्रासकटरचाच. माका वाटता करंटच कमी पडता. खंय चुकता ता सांगा.

उत्तर: आधी एक सांगतो, दीड वर्षात चार सिलिंडरचं इंजिन फट् म्हणण्यापर्यंत आणलंत म्हणजे अवघड काम झालेलं आहे, तेव्हा आता चिडून उघडून ठेवू नका. करंट पुरेसा आहे, नसता तर फट्सुद्धा झालं नसतं. फक्त प्लगच्या वायरी कॅमच्या क्रमानेच, बहुधा 1-3-4-2, लागल्यात ना आणि एक नंबरचा प्लग कॉम्प्रेशनच्या (हवा दाबली जाण्याच्या) वरच्या टोकाला पेटतोय ना, एक्झॉस्टच्या नाही, एवढं एकदा बघा (व्हॉल्व उघडणारा कॅम मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, निम्म्या वेगाने फिरतो म्हणून एका फेरीची चूक सहज होते, मी स्वतः केलीये) आणि मग इग्निशनला हात लावू नका. कॉइल चौथी आणू नका.

माझा संशय आहे व्हॉल्ववर. तुम्ही डिझेलवाले, तुमच्याकडे तर कॉम्प्रेशन हाच प्लग, मग पेट्रोलचं म्हटल्यावर कॉम्प्रेशन कसं विसरलात? तुमच्या इंजिनाचा हिशोब बघा, एका सिलिंडरची जागा 6.28 सीसी, चार मिळून 25 सीसी. कॉम्प्रेशन रेशो 7 धरला तर पिस्टन वर आल्यावर हेडमध्ये उरते जेमतेम 1 सीसी जागा. आता शेजारी 100 सीसीची बाइक ठेवा, बोअर-स्ट्रोक साधारण 50-50. बोअर तुमच्या अडीच पट, पण आतली हवा साडेपंधरा पट. म्हणजे पिस्टनच्या रिंगच्या कडेला दोघांनाही सारखीच बारीक फट राहिली तर गळतीची वाट अडीच पट आणि साठा साडेपंधरा पट, म्हणजे प्रत्येक सीसीमागे तुमच्या इंजिनाची गळती सहा पट जास्त. बोटीच्या इंजिनात जे चालून जातं ते इथं चालत नाही, आणि ड्रिलवर हळू फिरताना तर गळायला वेळच वेळ मिळतो.

आता तपासायचं कसं. सगळे प्लग लावून ठेवा, ड्रिल बाजूला करा आणि फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवा. दोन फेऱ्यांत चार वेळा हाताला दाब लागला पाहिजे, चारही सारखे. चार सिलिंडरची खरी अडचण इथंच आहे, पार्ट चौपट करावे लागतात ती नाही. पार्ट वेळ दिला की होतात, पण चारही सारखे व्हावे लागतात. एक जरी ढिला पडला तरी बाकीच्या तिघांना त्याला ओढत न्यावं लागतं, आणि थंड इंजिनात त्या तिघांकडे तेवढी ताकद नसते, म्हणून फट् फट् होऊन गप्प.

जो दाब ढिला लागेल त्याच्या प्लगच्या भोकातून तेलाचा एक थेंब सोडा आणि परत फिरवा. दाब वाढला तर दोष रिंगचा, होता तसाच राहिला तर व्हॉल्वचा. पण एकच थेंब हं. गॅरेजमध्ये चमचाभर ओततात तसं नको, 1 सीसी जागेत पाच-सहा थेंब गेले की जागाच पाव भागाने कमी होते आणि दाब खोटा वाढतो.

मग हेड काढा आणि मेडिकलमधून 20 मिलीची सिरिंज आणा, सुई नको. रबरी नळीचा तुकडा लावून तो पोर्टच्या तोंडावर घट्ट दाबा, व्हॉल्व स्प्रिंगने बंद, दांडी गाइडमधून (तिच्या नळीतून) बाहेर येते तिथं ग्रीसचा गोळा लावा (नाहीतर गाइडमधून येणारी हवा तुम्ही सीटच्या (व्हॉल्व टेकतो त्या कडेच्या) नावावर घालाल), दट्ट्या थोडा ओढा, दहा आकडे मोजा आणि सोडा. सट्कन जवळपास मूळ खुणेवर गेला तर व्हॉल्व चांगला. अर्ध्यात थांबला तर गळतोय. आठही व्हॉल्वचे आकडे कागदावर लिहा. माझा अंदाज, आठातले तीन-चार तरी नापास होतील.

नापास झालेल्यांवर ग्राइंडिंग पेस्ट लावून तासभर घासत बसू नका, हीच चूक सगळे करतात. घासून घासून सीट रुंद होते, व्हॉल्वच्या तोंडाला खाच पडते आणि आधी गळत नव्हता तोही गळायला लागतो. एवढ्या छोट्या इंजिनात 45 अंशाची सीट 0.4 मिमीच्या आसपास रुंद असली तरी पुरते, बारीक सीटवर स्प्रिंगचा दाब एकवटतो. सीट आणि गाइड एका रेषेत नसतील तर कितीही घासा, बसणार नाही. म्हणून गाइडला रीमर मारला की त्याच सेटिंगमध्ये सीट कापायची, किंवा कटरला गाइडमध्ये जाणारी दांडी ठेवायची. व्हॉल्वचंही तेच, दांडी आणि तोंड एकाच पकडीत टर्न करायचं, जॉब चकातून काढून परत लावायचा नाही. मग मेटल पॉलिशने बोटांत धरून आठ-दहा वेळा फिरवलं की झालं.

हेड उघडलेलंच आहे तर लायनरची (सिलिंडरमधल्या नळ्यांची) तोंडं डायल गेजने बघा. एक लायनर बाकीच्यांपेक्षा 0.05 मिमी खाली बसला असेल तर गॅस्केट तीन ठिकाणी दाबलं जातं आणि चौथ्या ठिकाणी फुंकतं. चारही ब्लॉकमध्ये बसवल्यावर एकदम फेस करायचे (तोंडं सपाट कापायची), सुटे सुटे नाही.

आणि तो कार्बोरेटर काढा. ग्रासकटरच्या कार्बोरेटरला पेट्रोल ओढायला क्रँककेसमधला दाब वर-खाली व्हावा लागतो, त्यावर त्याचा पडदा हलतो. तुमच्या इंजिनात दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, क्रँककेसमधली जागा आहे तेवढीच राहते, पडदा हलणार कशावर? शिवाय त्याचं भोक मोठं. ड्रिलवर 400 आरपीएम धरा, तुमचं इंजिन मिनिटाला 5 लिटर हवा ओढतं. 10 मिमीच्या भोकातून ती सेकंदाला 1 मीटरने जाते, 5 मिमीच्या भोकातून 4 मीटरने, आणि ओढ वेगाच्या वर्गाने वाढते म्हणजे 16 पट. पितळेच्या दांड्यातून 5 मिमीचा साधा सुईवाला कार्बोरेटर करा, एका दिवसाचं काम आहे, टाकी थोडी खाली ठेवा. सिरिंजचे आकडे मात्र मला नक्की कळवा.

प्रश्न: चिपळूणहून लिहितोय. EN8 पोलादाच्या 40 मिमी बारमधून चार सिलिंडरचा क्रँक काढला. पिन टर्न होईपर्यंत ठीक होता, शेवटी सेंटरमध्ये धरून बघितला तर मधल्या जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला) 0.15 मिमी मार (फिरताना हेलकावा). दाबून सरळ करू का?

उत्तर: नको. दाबून सरळ केलेला क्रँक चालताना गरम झाला की परत हळूहळू वाकतो, आणि तोपर्यंत तुमची बेअरिंगं खाऊन टाकतो.

बारच्या आत ताण असतो, विशेषतः वरून चकचकीत ओढून काढलेल्या बारमध्ये. एका बाजूने माल कापला की उरलेला ताण त्याला ओढून वाकवतो. उपाय म्हणजे आधी सगळीकडे 1 मिमी माल राखून ओबडधोबड कापायचं, मग तापवायचं आणि फिनिशिंग त्यानंतर. EN8 ला 550 ते 600 अंशाला तासभर ठेवून अगदी सावकाश थंड करायचं. भट्टी नसेल तर करवंटीच्या कोळशावर चालतं, अंधारात जेमतेम लाल दिसायला लागला की तेवढंच तापमान धरून ठेवा, भाता जोरात मारू नका, आणि मग रात्रभर राखेत पुरून ठेवा. सकाळी काढला की काय वाकायचा तो वाकून झालेला असतो, तुम्ही राखलेल्या 1 मिमीत तो सरळ निघतो.

दुसरं, पिन कापून झाल्यावर वेबच्या (पिनच्या दोन्ही बाजूंच्या पाळ्यांच्या) मधल्या खाचेत तुम्ही ठोकळे बसवले होते का? पत्रात लिहिलं नाहीये. लेथच्या टेलस्टॉकचं सेंटर दाबलं की खाच मिटते आणि क्रँक धनुष्यासारखा होतो, बारचा काहीच दोष नसताना. आधी टेलस्टॉक किंचित सैल करून परत मार बघा. 0.15 चा 0.05 झाला तर बराचसा मार तिथलाच.

मी एकदा एका दुकानातून EN24 पोलाद म्हणून बार आणला, तीन आठवडे घालवून क्रँक केला आणि पहिल्याच दिवशी पिन झिजून गेली, माल साधा एमएस (मऊ पोलाद) निघाला. तेव्हापासून बार आणला की आधी तुकडा कापून ठिणगी आणि कानस लावून बघतो. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात जाणं झालं तर तिथं चांगला माल आणि बीड (ओतीव लोखंड) दोन्ही बघून घेता येतं, आंबा घाट उतरताना पिशवी जड होते एवढंच.

प्रश्न: नमस्कार काका. आमचे हे पडवीत छोटं इंजिन चालवतात, पेट्रोल पाण्याच्या बाटलीत ठेवतात. घरात दोन मुलं आहेत. मी बोलले की म्हणतात एवढ्याशा इंजिनाने काय होतंय. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. (गुहागर)

उत्तर: ताई, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, हे पान त्यांना वाचायला द्या.

पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कधीच नाही. मूल तहानेने बाटली तोंडाला लावतं, आणि मग काय होतं ते मी लिहीत नाही. झाकणाचा पत्र्याचा छोटा कॅन घ्या, लाल रंगाने नाव घाला आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, पण घरात नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत जाते आणि चूल, समई, फ्रिजची ठिणगी शोधते. सांजवात लागते त्या वेळी पेट्रोल ओतायचं नाही.

इंजिन लहान असलं तरी धुरात कार्बन मोनॉक्साइड असतोच, वास येत नाही आणि डोकं जड होईपर्यंत कळत नाही. पावसात पडवीला झडपा लावलेल्या असतात तेव्हा तर अजिबात चालवायचं नाही, उघड्यावर अंगणात न्यायचं. फ्लायव्हीलसमोर कुणी उभं राहायचं नाही आणि त्याला लोखंडी पत्र्याचं कव्हर हवंच.

आणि त्यांना इंजिनाच्या भल्याचं एक सांगा. आता पंपावर मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आपल्या दमट हवेत अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये ते लवकर होतं, पाणी-इथेनॉल खाली बसतं आणि तेच कार्बोरेटरमध्ये जाऊन पितळ आणि ॲल्युमिनियम खातं. म्हणून लागेल तेवढंच, पाव लिटर आणायचं आणि इंजिन बंद करताना टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवायचं. म्हणजे साठवायचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न: जूनपासून लेथच्या बेडवर रोज गंज येतो, समुद्र घरापासून पाचशे मीटरवर. काय लावू? (मालवण)

उत्तर: तेल लावताच असाल, पण प्लास्टिक झाकत असाल तर ते काढा, आत घाम धरतो. जुनी सुती चादर तेलाचा हात फिरवून टाका आणि खाली 40 वॅटचा जुना पिवळा बल्ब रात्रभर चालू ठेवा, मशीन हवेपेक्षा दोन-तीन अंश गरम राहिलं की पाणी बसत नाही. कपडा बल्बपासून लांब ठेवा. माइक्रोमीटर, रीमर, तयार रिंगा डब्यात सिलिका जेलबरोबर. बोअर लॅप करणं (बारीक पेस्टने घासून गुळगुळीत करणं), रिंगा करणं ही कामं मी पावसात काढतच नाही, दसऱ्यानंतर. पावसात ड्रॉइंग, पॅटर्न, वायरिंग.

प्रश्न: दादा, मी वेंगुर्ल्याचा, आयटीआयला टर्नर ट्रेड करतोय. मला डायरेक्ट व्ही-8 (व्हीच्या आकारात आठ सिलिंडर) करायचंय. घरी फक्त छोटा लेथ आहे. जमेल का?

उत्तर: जमेल, पण आधी त्याच व्ही-8 चा एक सिलिंडर कर. मुद्दाम वेगळं सोपं इंजिन करायला सांगत नाहीये. तुझ्या व्ही-8 ला जो बोअर, जो स्ट्रोक, जे व्हॉल्व, जो पिस्टन, जी रिंग ठरवशील तेच सगळं घेऊन एका सिलिंडरचं इंजिन, हेड म्हणजे मोठ्या हेडचा एक तुकडा. रिंगची गॅप किती, कॅमची लिफ्ट किती, स्प्रिंग किती कडक हे सगळं तिथं एकदाच चुकेल, आठदा नाही. आणि ते चाललं की त्याचेच जिग आणि फिक्श्चर (जॉब धरायची साधनं) पुढं आठ वेळा वापरता येतात.

रिंगची गॅप धरायला हा हिशोब लक्षात ठेव: 20 मिमी बोअरची रिंग म्हणजे परीघ 63 मिमी, बीड 100 अंश तापलं की 0.07 मिमी वाढतं. सिलिंडरही थोडा वाढतो म्हणून 0.06-0.08 गॅप ठेवली तर अडकत नाही. रिंग बोअरमध्ये बसवून मागून टॉर्च मार, गॅप सोडून कुठंच उजेड दिसता कामा नये.

एक सिलिंडर झाल्यावर लगेच आठवर उडी नको वाटली तर चारचा विचार कर. इंग्लंडात एडगर वेस्टबरी यांनी घरच्या कारागिरांसाठी 'सील' नावाचं 15 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन काढलं होतं, साइड व्हॉल्वचं. साइड व्हॉल्वमध्ये हेड म्हणजे नुसतं झाकण, पुशरॉड-रॉकर नाहीत, सगळी करामत ब्लॉकमध्ये. ताकद कमी मिळते पण छोट्या लेथवाल्याला ते पेलतं.

मिलिंग नाही म्हणून अडू नकोस, लेथच्या क्रॉसस्लाइडवर व्हर्टिकल स्लाइड बसवून ब्लॉक होतो, चकात कटर आणि जॉब स्लाइडवर. वेळ लागेल. कॅमसाठी मात्र स्पिंडलला अंशांच्या खुणा करून घे. एका सिलिंडरचं ड्रॉइंग काढलंस की मला पाठव, कॅमची लिफ्ट आणि व्हॉल्वची मापं मी बघून देतो, बार कापायच्या आधी.