सिमरोलजवळच्या तळ्याबद्दल, नव्या मालकाला

शेतघराबरोबर मातीचा बांध आणि तळंही घेतलंस, छान. पण पॅडल बोट नंतर आण, आधी सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची वाट, बघ. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून मागच्या मालकाने तिथे जाळी ठोकली असेल, तर ती आजच काढ. मीही ठोकली होती. श्रावणात एका रात्री पळसाची पानं अडकून ती गच्च झाली आणि पाणी बांधाच्या माथ्याला टेकलं. भर पावसात कोयत्याने जाळी तोडली. सांडव्याची वाट मोकळी नसेल तर पाणी बांधावरून जातं, आणि मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो कापलाच जातो.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. मे महिन्यात बांधावरून चाल. भेगा, घुशींची बिळं, बाभळीची रोपं बघ. रोप लहान असतानाच उपट. मोठं झाड तोडलंस तर मुळं कुजून आत पोकळ नळी राहते.

पायथ्याशी ओल दिसली की पाणी काचेच्या ग्लासात धर. नितळ असेल तर लक्ष ठेव. गढूळ असेल तर आतून माती वाहतेय. तळं उतरव, इंजिनियरला बोलाव, खालच्या वस्तीला कळव. धार जिल्ह्यातला कारम बांध आठवतोय ना? ऑगस्ट २०२२ मध्ये गळती लागली, गावं रिकामी करावी लागली.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा खासगी धरणांनाही लागतो, पण १५ मीटरहून उंच. १० ते १५ मीटरची काही अटींवर. तुझा बांध जेमतेम चार मीटर. म्हणजे तपासनीस तूच.