‘जर्नीमन’ खेळाडूला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे : ऑस्ट्रेलियाचा बास्केटबॉलपटू ॲरन बेन्स याचा उल्लेख इंग्रजी क्रीडालेखनात ‘जर्नीमन बिग मॅन’ असा होतो, तर मराठीत लिहिताना त्याला ‘प्रवासी खेळाडू’, ‘भटका खेळाडू’ आणि ‘फिरस्ता खेळाडू’ यांपैकी काय म्हणावे? माझ्या मते या तिन्हींपैकी एकही शब्द घेऊ नये. तिन्ही शब्द फिरण्यावर बोट ठेवतात आणि मूळ शब्दाचा भर कामावर आहे.

‘जर्नीमन’ हा शब्द फ्रेंच ‘झुर्ने’वरून आला. झुर्ने म्हणजे दिवस किंवा दिवसभराचे काम. इंग्रजी ‘जर्नी’चा प्रवास हा अर्थसुद्धा ‘एका दिवसाची मजल’ यावरूनच पुढे रूढ झाला, म्हणजे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. परंतु ‘जर्नीमन’मध्ये उरला तो दिवसाच्या मजुरीचा अर्थ. युरोपातील कारागिरांच्या जुन्या संघटनांमध्ये तीन पायऱ्या असत. आधी काही वर्षे शिकाऊ म्हणून राहायचे, मग जर्नीमन व्हायचे आणि योग्यता सिद्ध झाली, जवळ भांडवल असले, तर स्वतःचे दुकान काढून मास्टर म्हणवून घ्यायचे. मधल्या पायरीवरचा माणूस अर्धवट शिकलेला नसे. त्याचे शिक्षण पूर्ण झालेले असे, हात तयार असे, फक्त दुकान दुसऱ्याचे असे. अमेरिकेत आणि कॅनडात आजही पूर्ण पात्रता मिळवलेल्या इलेक्ट्रिशियनला ‘जर्नीमन’ ही अधिकृत पदवी असते.

आपल्याकडे पहिल्या आणि शेवटच्या पायरीला चांगले शब्द आहेत. ‘उमेदवार’ हा आज निवडणुकीतला शब्द वाटत असला, तरी ‘उमेदवारी करणे’ म्हणजे हाताखाली राहून काम शिकणे हा अर्थ मराठीत पक्का आहे आणि ‘शिकाऊ उमेदवार’ ही संज्ञा आजही सरकारी कागदांत चालते. शेवटच्या पायरीला उस्ताद आहे, तालमीतला वस्ताद आहे. अडचण मधल्या पायरीची आहे. व्युत्पत्तीने सर्वांत जवळचा शब्द ‘रोजंदार’, कारण त्यातला ‘रोज’ म्हणजेही दिवसच. पण रोजंदारी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे कौशल्याचे काम येत नाही, नाक्यावर कामाची वाट पाहणारा मजूर येतो. त्यामुळे शब्द जुळतो आणि अर्थ हातातून निसटतो.

क्रीडालेखनात हा शब्द नेमका कोणाला लावतात हे बेन्सच्या कारकिर्दीवरून चांगले कळते. त्याचा जन्म 1986 मध्ये न्यूझीलंडमधल्या गिझबर्न येथे झाला आणि तो वाढला ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या उत्तरेकडील मरीबा या गावी. लहानपणी तो रग्बी लीग खेळे. कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट आणि नंतर अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ ही त्याची उमेदवारी. 2009 मध्ये विद्यापीठातून बाहेर पडल्यावर एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या एकाही संघाने त्याला निवडले नाही. त्यानंतरच्या चार हंगामांत तो लिथुएनियातील लिएतुवोस रितास, जर्मनीतील ओल्डनबुर्ग, ग्रीसमधील इकारोस आणि स्लोव्हेनियातील ऑलिंपिया अशा चार देशांतल्या चार संघांकडून खेळला. जानेवारी 2013 मध्ये एनबीएतल्या सॅन अँटोनियो स्पर्सने त्याला करारबद्ध केले आणि 2014 मध्ये मायामीला हरवून विजेत्या ठरलेल्या स्पर्स संघात तो होता. पुढे डेट्रॉइट, बोस्टन, फिनिक्स आणि टोरांटो.

सॅन अँटोनियोत त्याच्या पुढे टिम डंकन होता, डेट्रॉइटमध्ये आंद्रे ड्रमंड. ज्या जागेवर तो खेळे, तिथे बहुतेक ठिकाणी पहिला मान दुसऱ्याचा होता. त्याचे काम काय, तर ‘स्क्रीन’ लावणे, म्हणजे आपल्या चेंडूधारकाचा पाठलाग करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत 208 सेंटिमीटर उंचीचा आडदांड देह घट्ट उभा करणे. बास्केटखाली प्रतिस्पर्ध्याला पाठीने मागे रेटून धरणे, जेणेकरून रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फटक्यानंतर परत आलेला चेंडू, आपल्याच कोणाला तरी मिळेल. आणि अंगावर उसळून येणाऱ्या खेळाडूसमोरून, आपल्या डोक्यावरून डंक होण्याची, म्हणजे चेंडू वरून थेट बास्केटमध्ये आदळला जाण्याची, शक्यता दिसत असतानाही, बाजूला न होता हात वर करून उडी मारणे. यातले बरेचसे काम सामन्याच्या नेहमीच्या गुणपत्रकात येत नाही. प्रशिक्षकांना मात्र ते दिसत असते, आणि म्हणूनच न निवडला गेलेला हा खेळाडू एनबीएत पाचशेहून अधिक सामने खेळला. मला हे कारागिराचेच काम वाटते.

आता ‘फिरस्ता’ आणि ‘भटका’ का नकोत, ते याच कारकिर्दीवरून सांगता येईल. मराठीत फिरस्ता होणे हा स्वभाव आहे. माणूस पायाला भिंगरी लावून स्वतःच्या ओढीने फिरतो. एनबीएतला खेळाडू पुष्कळदा तसा फिरत नाही, त्याला पाठवले जाते. 2019 मध्ये बोस्टनने पगाराच्या मर्यादेत जागा करून घेण्यासाठी बेन्सचा सौदा फिनिक्सशी केला. तिथे सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळच्या उंच खेळाडूच्या, जागी खेळणारा तरुण डिआंद्रे एटन याच्यावर हंगामाच्या आरंभीच 25 सामन्यांची बंदी आली आणि बेन्सला सामन्याच्या आरंभी उतरणाऱ्या पहिल्या पाचांत जागा मिळाली. त्याच हंगामात, 6 मार्च 2020 रोजी, पोर्टलंडविरुद्ध त्याने 37 गुण आणि 16 रिबाउंड मिळवले आणि तीन गुणांचे 9 फटके बास्केटमध्ये टाकले. कारकिर्दीच्या पहिल्या काही वर्षांत तीन गुणांचा फटका हे त्याचे हत्यार नव्हतेच. खेळाची मागणी बदलली तेव्हा, तिशी ओलांडल्यावर, त्याने ते कमावले होते. एवढे करूनही पुढच्या हंगामात तो टोरांटोकडे होता. अशा माणसाला भटका म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

केवळ संघ बदलल्याने कोणी जर्नीमन होत नाही, हे पाहण्यासाठी दुसरा ऑस्ट्रेलियन उंच खेळाडू डेव्हिड अँडरसन याचे उदाहरण घेता येते. बोलोन्या, मॉस्को, बार्सिलोना, ह्यूस्टन, टोरांटो, न्यू ऑर्लीन्स, सिएना, इस्तंबूल अशी त्याच्या मुक्कामांची यादी बेन्सच्या यादीइतकीच लांब आहे. परंतु 2001 मध्ये बोलोन्याच्या संघाबरोबर, 2006 आणि 2008 मध्ये मॉस्कोच्या सेस्काबरोबर त्याने युरोलीग, म्हणजे युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकली आणि युरोपात तो पहिल्या प्रतीचा खेळाडू मानला गेला. अमेरिकेतल्या त्याच्या थोड्या दिवसांकडे पाहून कोणी त्याला जर्नीमन म्हटलेही असेल. युरोपातल्या कारकिर्दीला तो शब्द शोभत नाही. उलट, एकाच संघात सारी कारकीर्द घालवणाऱ्या भरवशाच्या दुय्यम खेळाडूलाही हा शब्द लागत नाही. क्रीडालेखनातल्या जर्नीमनला कसब हवे, दुय्यम जागा हवी आणि बदलते मालकही हवेत.

मराठीतले आणखी काही शब्द तपासून पाहू. ‘भाडोत्री’ सरळ बाद, कारण त्यात निष्ठा विकल्याचा आरोप आहे. ‘शिलेदार’ अर्थाच्या दृष्टीने विलक्षण जवळ येतो : बारगिराला घोडा सरकारातून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन कोणा सरदाराकडे चाकरीला राही, म्हणजे साधन आणि कसब त्याचे, मोहीम दुसऱ्याची. मात्र आजच्या वर्तमानपत्रांनी ‘विजयाचे शिलेदार’ हा शब्दप्रयोग सामना जिंकून देणाऱ्या नायकांसाठी इतका रूढ केला आहे की वाचक बेन्सला संघाचा प्रमुख तारा समजेल. ‘सालगडी’ शब्दात वर्षाचा करार आहे, पाडव्याला मालक बदलण्याची रीतही आहे. पण त्या शब्दामागे उचल, कर्ज आणि पिढ्यानपिढ्यांचे कष्ट आहेत, आणि कोट्यवधी डॉलरचे करार करणाऱ्या खेळाडूसाठी तो उसना घेणे मला अनुचित वाटते.

तरीही ‘सालगडी’मधला ‘गडी’ मात्र आपल्या कामाचा आहे. घरगडी, गडीमाणसे यांत गडी म्हणजे मोलाने काम करणारा. आणि कबड्डी-खोखोच्या मैदानावर, ‘पाच गडी राखून विजय’ असे लिहिणाऱ्या क्रिकेटच्या बातमीत गडी म्हणजे संघातला खेळाडू. ‘जर्नीमन’ला खेळात जे दोन अर्थ लागतात, ते मराठीत या एका शब्दात आधीपासून नांदत आहेत. त्याला ‘कसबी’ हे विशेषण जोडले की शिकून तयार झालेल्या हाताचा अर्थही येतो. ‘कसबीण’ या स्त्रीलिंगी रूपाला वेगळा अर्थ चिकटल्यामुळे काहींना ‘कसबी’ लिहिताना संकोच वाटतो. त्यांनी ‘कसलेला’ वापरावा, अर्थामध्ये फारसा फरक पडत नाही. महिला खेळाडूंविषयी लिहिताना ‘गडी’ चालणारच नाही, तिथे ‘कसलेली खेळाडू’ हेच योग्य. राहिला संघ बदलण्याचा भाग. दारोदारी, गावोगावी यांच्या धर्तीवर ‘संघोसंघी’ असे रूप करता येते आणि ते कानाला परके वाटत नाही.

‘बिग मॅन’चे ‘मोठा माणूस’ कदापि करू नये, कारण मराठीत मोठा माणूस मानाने मोठा असतो. बास्केटबॉलमध्ये तो शब्द सेंटर आणि पॉवर फॉरवर्ड या बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच, दणकट खेळाडूंसाठी आहे. मैदानावरची मराठी मुलेही ‘सेंटर’च म्हणतात, आणि बेन्स प्रामुख्याने त्याच जागी खेळत असल्याने ‘सेंटर’ ठेवणे सर्वांत स्वच्छ. जिथे दोन्ही जागा अभिप्रेत असतील, तिथे ‘बास्केटखालचा खेळाडू’ असे लिहावे.

तेव्हा विचारलेल्या शब्दप्रयोगाचे वाक्य मी असे करीन : ‘संघोसंघी राबलेला हा कसबी गडी ऑस्ट्रेलियाचा सेंटर म्हणून तीन ऑलिंपिक खेळला.’ त्यातल्या तिसऱ्या, टोकियोच्या ऑलिंपिकविषयी लिहायचे झाल्यास ‘राबलेला’ हे क्रियापद आवर्जून ठेवावे. 28 जुलै 2021 रोजी इटलीविरुद्धच्या सामन्यात, तो चालू असतानाच, स्वच्छतागृहात घसरून बेन्सच्या मानेला मार बसला. आत झालेल्या रक्तस्रावाचा दाब मज्जारज्जूवर आला आणि त्याला चालता येईना. 7 ऑगस्टला ऑस्ट्रेलियाने स्लोव्हेनियाला 107-93 असे हरवून पुरुष बास्केटबॉलमधले आपले पहिले ऑलिंपिक पदक, कांस्य, मिळवले, तेव्हा तो संघाबरोबर मैदानावर नव्हता. तो पुन्हा चालायला शिकला, आणि 2022 मध्ये ब्रिस्बेन बुलेट्सने त्याला करारबद्ध केले.