आजारी कोंबडा ठेवावा की मोकळा करावा?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पाच वर्षांचा कोंबडा, दीड वर्षापासून छातीत घरघर, औषध दिलं की आठ-दहा दिवस बरा आणि पुन्हा तेच. आता एक पायही उचलून धरतो. घरचे म्हणतात कापून खाऊन टाका, तुमचा हात धजत नाही, आणि इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे मोकळं करावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी नागभीडकडची, धानाच्या पट्ट्यातली. गावात पशुसखी आहे, म्हणजे पिलांना राणीखेतच्या (मानमोडीच्या) लासोटा लसीचे थेंब टाकते, शेळ्यांना जंताचं औषध पाजते. डॉक्टर नाही. पण जे तुमच्यावर आलंय ते माझ्यावर तीन वर्षांपूर्वी येऊन गेलं, आणि मी आठ दिवस उशीर केला.

आधी पाय बघा. त्याला मांडीवर उलटा घ्या, तळवा ओल्या फडक्यानं पुसा. मधोमध काळी खपली आणि सूज दिसली तर ती तळव्याची गाठ आहे. कोंबड्याचा पू आपल्यासारखा वाहत नाही, आत पनीरसारखा घट्ट बसतो, म्हणून वरून मलम लावून काही होत नाही. डॉक्टरांकडून ती काढून घ्यावी लागते. बरेच कोंबडे त्यानंतर चालतात. कोणी तुम्हाला 'मारेक आहे, सोडून द्या' म्हणालं असेल तर लगेच मान डोलवू नका. मारेक म्हणजे कोंबड्यांना लुळं करणारा विषाणूचा रोग. त्यानं पाय जातो खरा, पण तो बहुधा कोवळ्या वयात, पहिल्या काही महिन्यांत. पाच वर्षांच्या कोंबड्यात आधी बाकी कारणं शोधायची.

घरघरीचं मात्र खरं सांगते. तुम्ही लिहिलंय तसं ये-जा करणारं दुखणं बहुतेक सीआरडी, म्हणजे कोंबड्यांचं श्वासाचं जुनाट दुखणं असतं. टायलोसिन हे अँटिबायोटिक पाण्यातून दिलं की दबतं, मुळातून जात नाही. थंडी, पावसाळ्याची ओल, खुराड्यातला विष्ठेचा उग्र वास, काहीही निमित्त झालं की परत उठतं. शेजारी म्हणतील, बाकीच्या कोंबड्यांना लागेल म्हणून तरी काढून टाक. दीड वर्ष एका खुराड्यात झोपलेल्यांना ते केव्हाच लागून गेलंय, अंड्यातूनही पिलांत उतरतं. तेवढ्यासाठी त्याचा जीव घेऊ नका. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरजवळ गोरेवाड्याच्या प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले, तेव्हापासून आमच्याकडे कोंबडा नुसता खोकला तरी लोक तोंडाला गमछा बांधतात. एकदम पाच-सहा कोंबड्या पटापट मेल्या, तुरे निळे पडले, तर हात न लावता दवाखान्यात कळवायचं. एकटा म्हातारा दीड वर्ष घरघरतोय, ती गोष्ट वेगळी.

आता माझ्या कोतवालाचं. हे नाव सासऱ्यांनी ठेवलं, कारण तो पहाटे दवंडी दिल्यासारखा ओरडायचा. असील होता, झुंजीच्या जातीचा. धान कापून झाल्यावर आमच्या बाजूला चोरून कोंबडा बाजार भरतो, पायाला काती, म्हणजे धारदार पाती बांधून झुंजवतात. एका वर्षी पोलीस आले, माणसं पळाली आणि हा पायाच्या कातीसकट आमच्या तणसाच्या ढिगात येऊन बसला. मांडी फाटलेली. नवऱ्यानं मसाला वाटायला सांगितला होता. मी हळद भरली, आणि मग तो सहा वर्षं राहिला.

शेवटच्या हिवाळ्यात घरघर वाढली. तरी मला वाटायचं, खातोय ना, मग ठीक आहे. इथेच मी फसले. चांगला कोंबडा दाणा सापडला की 'कुट कुट' करून कोंबड्यांना बोलावतो, चोचीत उचलून त्यांच्यापुढे टाकतो. कोतवाल ते शेवटपर्यंत करत होता. कनकी (तांदळाचे तुकडे) टाकली की चोच मारायचा, आवाज द्यायचा, कोंबड्या येऊन खायच्या. दुरून बघणाऱ्याला तो जेवतोय असंच वाटणार. एक दिवस सहज पिशवीत घालून धानाच्या काट्याला लटकवला. पावणेचार किलोचा कोंबडा दोन किलो शंभरावर आला होता. पिसांखाली काही दिसत नाही. छातीवर बोट फिरवलं तर मधलं हाड विळ्याच्या पात्यासारखं हाताला लागलं.

म्हणून तुम्हाला सांगते, डोळ्यांवर जाऊ नका, काट्यावर जा. पक्षी दुखणं लपवतात. दर दोन दिवसांनी सकाळी, दाणा टाकायच्या आधी वजन करा आणि लिहून ठेवा. सोबत एवढंच बघा: तो स्वतः उठून पाण्यापर्यंत जातो का, धुळीत लोळतो का, संध्याकाळी आपल्या जागेवर चढायचा प्रयत्न करतो का. दिवसाही पिसं फुलवून डोळे मिटून बसत असेल, बाकीच्या त्याच्या डोक्यावर चोची मारत असतील आणि तो सरकतही नसेल, चोच उघडी ठेवून श्वास घेत असेल, आणि पूर्ण औषध होऊनही वजन उतरतच असेल, तर तुमचं उत्तर आलेलं आहे. त्यातही उन्हाळा जवळ असेल तर थांबू नका. कोंबडीला घाम नाही, धापा टाकूनच ती अंग थंड करते. ज्याला श्वासच पुरत नाही त्यानं आपल्याकडच्या पंचेचाळीस डिग्रीत काय करावं?

माझे आठ दिवस असेच मे महिन्यात गेले. मुलगी नागपूरहून सुट्टीत येणार होती, तिला भेटू दे म्हणून. ती आली, त्याच्याजवळ बसून रडली. त्यानं डोळेही उघडले नाहीत.

इंजेक्शनचं विचारलंत. होतं. १९६२ या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला तर फिरतं पथक येतं, तालुक्याच्या दवाखान्यातही विचारा. मोठं काम असेल तर नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आमच्या डॉक्टरांनी तयारी दाखवली, पण हेही सांगितलं की इतक्या सुकलेल्या पक्ष्याची शीर सापडायला वेळ लागतो, टोचाटोची होईल, आणि ते परवा येऊ शकतील. सासूबाई म्हणाल्या, "कोंबड्याले कोनी इंजेक्शन देते का वं बाई? परवापर्यंत काहून तडफडू देतं त्याले?" रागच आला. पण दुसरं वाक्य बरोबर होतं.

शेवटी मी बाजारातल्या चाचांना बोलावलं, जे दर गुरुवारी शंभर कोंबड्या कापतात. शहरातल्या कोणाला हे रानटी वाटेल, पण ज्याचा हात रोजचा आहे त्याच्याकडून पटकन होतं. आपण रडत-थरथरत स्वतः करायला गेलो की अर्धवट होतं. मान मोडायची म्हटली तरी तीन किलोवरच्या कोंबड्याला नुसत्या हातानं नीट जमत नाही. मी दोनच अटी घातल्या: घरी यायचं, आणि पाय बांधून उलटा लटकवायचा नाही. पहाटे, ऊन व्हायच्या आत आले. मी त्याला छातीशी पंखांवरून घट्ट धरलं. नंतर अर्धा-एक मिनिट अंग फडफडतं, ते आधीच माहीत असू द्या. सुरुवातीचे काही क्षण सोडले तर त्याला तेव्हा काही कळत नसतं, पण न सांगता बघितलं तर रात्रभर डोळ्यांपुढून जात नाही. चाचांनी पैसे घेतले नाहीत. मी दिले असते.

फवारणीचं औषध पाजणं, रानात नेऊन सोडणं, दाणा-पाणी बंद करून वाट बघणं, यातलं काहीही कोणी सुचवलं तर ऐकू नका. आणि खायचा तर अजिबात नाही, अंगात इतकी औषधं आहेत. इंजेक्शननं गेला तर कुत्र्याच्या तोंडालाही लागता कामा नये. मांडीएवढा खोल खड्डा, वर चुना, त्यावर दगड.

घरच्यांवर रागावू नका. ज्या घरात रविवारी कोंबडी शिजते तिथे एका कोंबड्याचं दुःख कसं करायचं हे कोणालाच ठाऊक नसतं. माझा नवरा त्या दिवशी खड्डा खणून गप्प वावरात निघून गेला, डबा न घेता.

उद्या सकाळी वजन करा, तळवा बघा आणि दोन्ही इथे लिहा. खपली असली तर आधी पायाचं करू, बाकीचं नंतर.