आभासी जग आणि ऑनलाइन ओळख यांवरच्या सुरुवातीच्या विज्ञानकथा आज वाचण्यात अर्थ आहे का? असल्यास कुठून सुरुवात करू?

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे पहिलीच अडचण: अहो म्हणू की अरे?

ही अडचण आमच्या खान्देशात फार जुनी आहे. मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचं गाव आहे. योगी चांगदेव चौदाशे वर्षं जगले असं सांगतात. त्यांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतलं आणि मायन्यातच अडकले. 'चिरंजीव' लिहावं तर ज्ञानाने मोठा, 'तीर्थरूप' लिहावं तर वयाने पोर. शेवटी कोराच कागद पाठवला. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मला ती भक्तीची वाटायची. पुढे भुसावळला सायबर कॅफे चालवला, तेव्हा ती चॅटरूमची वाटायला लागली.

तर, वाचण्यात अर्थ आहे. फक्त आभासी जग दाखवणाऱ्या चष्म्याचं भाकीत किती खरं ठरलं हे मोजायला वाचू नका. चष्मा १९३५ सालीच स्टॅन्ली वाइनबाउमच्या 'पिग्मॅलियन्स स्पेक्टॅकल्स' या कथेत येऊन गेला. त्यात दिसणं-ऐकणंच काय, चव आणि वाससुद्धा होता. गंमत चष्म्यात नाही. समोरच्याचं शरीर दिसत नाही तेव्हा त्याला माणूस म्हणून कुठे बसवायचं, ही गंमत आहे.

माझं मत विचाराल तर व्हर्नर विंज यांची 'ट्रू नेम्स' (१९८१) आधी घ्या. छोटी आहे, दोन बैठकांत संपते. विंज अमेरिकेत सॅन दिएगोला गणिताचे प्राध्यापक होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते एकदा विद्यापीठाच्या संगणकावर निनावी खात्यातून बसलेले असताना दुसऱ्या एका निनावी माणसाने त्यांच्याशी गप्पा सुरू केल्या. दोघंही एकमेकांचं खरं नाव काढून घ्यायच्या प्रयत्नात. शेवटी कंटाळून विंजनी लिहिलं की मी माणूसच नाही, माणसाची नक्कल करणारा प्रोग्रॅम आहे, आणखी बोललो तर माझं सोंग उघडं पडेल. उठल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण आत्ताच एक विज्ञानकथा जगलो.

कथेतले हॅकर स्वतःला जादूगार म्हणवतात. जुन्या समजुतीप्रमाणे ज्याला तुमचं खरं नाव कळलं, त्याच्या मुठीत तुमचा जीव. त्यातल्या मिस्टर स्लिपरीचं नाव सरकारला कळतं, माणसं थेट त्याच्या घरी येऊन उभी राहतात, आणि त्याला स्वतःच्याच मित्रांवर पाळत ठेवावी लागते. खान्देशी माणसाला हे उलटं वाटेल. आमच्याकडे गावात शिरलात की पारावरचा म्हातारा आधी विचारतो, "कोना पोऱ्या शे तू?" बापाचं नाव सांगितलं की पाणी मिळतं, चहा मिळतो. इथे नाव सांगणं ही सुरक्षितता आणि तिथे नाव सांगणं म्हणजे खेळ खलास. मला ही कथा आवडण्याचं निम्मं कारण हेच.

दुसरं कारण तांत्रिक आहे. त्यातलं आभासी जग भरमसाट चित्रांनी बनलेलं नाही. तारेतून थोडेसेच इशारे येतात, दलदल आणि किल्ला तिथे शिरणाऱ्याच्या मेंदूनेच उभा करायचा. तमाशातल्या गवळणीत नाही का, एक पेटी, एक ढोलकी, मागे रंग उडालेला पडदा, आणि पब्लिकला अख्खी मथुरा दिसते.

आता शेवट थोडा फोडतो, नको असेल तर हा परिच्छेद सोडा. स्लिपरीची जोडीदार एरिथ्रिना आभासी जगात तेजस्वी, ताकदवान बाई म्हणून वावरते. प्रत्यक्षात ती भेटते तेव्हा निघते एक थकलेली म्हातारी, स्मरणशक्ती हातातून निसटत चाललेली. मी ते पान दोनदा वाचलं.

मग जेम्स टिपट्री ज्युनियर यांची 'द गर्ल हू वॉज प्लग्ड इन' (१९७३). लोकांच्या नजरेत कुरूप असलेली एक मुलगी तळघरात तारांना जोडून बसते आणि दुरून एका सुंदर देहाला चालवते; लोक त्या देहावर जीव टाकतात. आज रीलवर ज्यांचा चरितार्थ आहे त्यांनी तरी वाचावी. पण लेखकाची गोष्ट कथेहून भारी. टिपट्री ही खरं म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन नावाची बाई. आडनाव मुरंब्याच्या बरणीवरून उचललेलं. रॉबर्ट सिल्व्हरबर्गसारख्या जाणत्या लेखकाने १९७५मध्ये छापून टाकलं की हे लेखन नक्कीच पुरुषाचं. भांडं फुटलं ते कसं, तर पत्रांतून आई वारल्याचा उल्लेख झाला आणि कुणीतरी आईची मृत्युवार्ता शोधून काढली. म्हणजे शेवटी अमेरिकेतही 'कोना पोऱ्या' हाच प्रश्न कामी आला.

आपल्याकडचं उदाहरण जयंत नारळीकरांचं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. परीक्षक नावाला भुलू नयेत म्हणून. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.

विल्यम गिब्सनचं 'न्यूरोमॅन्सर' (१९८४) सगळे आधी सुचवतात. मी नाही सुचवणार. भाषा इतकी दाट आहे की पन्नास पानांत माणूस पुस्तक मिटतो. 'सायबरस्पेस' हा शब्द त्याचाच, आणि ते पुस्तक त्याने साध्या टाइपरायटरवर लिहिलं, एवढं माहीत असलं तरी तूर्त चालेल.

नील स्टीफनसनचं 'स्नो क्रॅश' (१९९२) मात्र घ्या. 'मेटाव्हर्स' हा शब्द तिथला, म्हणजे सगळ्यांनी मिळून वावरायचं आभासी जग. त्यात माणसाच्या आभासी रूपाला 'अवतार' म्हणतात (आमच्या घरी "काय हा अवतार!" वेगळ्या अर्थाने ऐकायला मिळायचं). नायक राहतो सामान ठेवायच्या गोदामात, पण आभासी रस्त्यावर त्याचं बऱ्यापैकी घर. आणि एक तपशील मला झोंबला: जे लोक स्वस्त सार्वजनिक यंत्रांवरून तिथे येतात, ते बाकीच्यांना काळेपांढरे, खरखरीत, अडखळत चालणारे दिसतात. अरे, ते तर आम्हीच! तासाला पंचवीस रुपये, डायल-अप, त्यात लोडशेडिंग. पुण्या-मुंबईच्या पोरांशी बोलताना आमची पोरं मध्येच गायब व्हायची, आणि पलीकडच्याला वाटायचं मुद्दाम उठून गेला.

माझ्याकडे एक निवृत्त गार्डसाहेब यायचे, वय सत्तरीच्या आसपास. आले होते परदेशातल्या मुलाला ईमेल करायला, रमले ऑनलाइन बुद्धिबळात. चाल ते सांगायचे, माउस मी हलवायचो. एका संध्याकाळी समोरच्याने लिहिलं, 'नाइस मूव्ह, ड्यूड.' साहेबांनी ड्यूड म्हणजे काय ते विचारलं. मी म्हटलं, दोस्त, पोरं एकमेकांना म्हणतात. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग समोरून वय विचारलं गेलं. मी कीबोर्डवर हात ठेवून थांबलो, खरं टाकू की खोटं?

"लिही," ते म्हणाले, "आधी चाल कर म्हणावं."