स्ट्रासबर्ग विद्यापीठ : नाव नंतर, आधी पार्कूर (म्हणजे नेमकी शाखा) बघा

प्रश्न असा आहे: मुलगी पुण्यात बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग विद्यापीठात मास्टर करायचा विचार आहे, तर विद्यापीठ कसं आहे आणि खर्च किती?

"विद्यापीठ कसं आहे" याला एका ओळीत उत्तर नाही. पन्नास हजारांहून जास्त विद्यार्थी आणि तीसेक फॅकल्टी, शाळा, संस्था आहेत. कायदा, वैद्यक, भाषा, संगीत, भूकंपशास्त्र, सगळं एकाच नावाखाली. जागतिक क्रमवारीतला आकडा या सगळ्यांची सरासरी असतो, त्यावरून रसायनशास्त्राचं काहीच कळत नाही.

थोडा इतिहास लागेल, कारण नावांच्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे. १५३८ मध्ये योहान स्टुर्म यांनी काढलेल्या शाळेला १६२१ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १८७१ ते १९१८ स्ट्रासबर्ग ज्यात येतं तो अल्सास प्रांत जर्मनीत होता. १८८४ मध्ये उघडलेली पॅले युनिव्हर्सिटेअर ही भव्य इमारत त्या काळातली. चर्च आणि सरकार वेगळं करणारा फ्रान्सचा १९०५ चा कायदा इथे लागूच झाला नाही, त्यामुळे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही धर्मशास्त्रांच्या फॅकल्टी या सरकारी विद्यापीठात आजही आहेत. पुढे १९७० च्या सुमारास विद्यापीठाचे तीन तुकडे झाले. विज्ञान आणि वैद्यक लुई पाश्चरच्या नावाने, कायदा रॉबेर शुमानच्या, आणि मानव्यविद्या पुढे मार्क ब्लॉकच्या. १ जानेवारी २००९ ला तिन्ही पुन्हा एक झाली. म्हणून जुन्या शोधनिबंधांत किंवा प्राध्यापकांच्या परिचयात "लुई पाश्चर विद्यापीठ" दिसलं तर ते वेगळं विद्यापीठ समजू नका.

आता रसायनशास्त्र. इथे या विद्यापीठाचं पारडं खरोखर जड आहे. जाँ-मारी लेन (नोबेल १९८७) आणि जाँ-पिएर सोवाज (२०१६) यांचं काम इथलंच. मार्टिन कारप्लस (२०१३) हार्वर्डबरोबर इथेही होते. पण "स्ट्रासबर्गचं रसायनशास्त्र" एका इमारतीत नाही. रसायनशास्त्राची फॅकल्टी शहराच्या मध्याजवळ एस्प्लानाद कॅम्पसवर आहे. लेन यांनी उभारलेली सुप्रामॉलिक्युलर रसायनाची (रेणू एकमेकांशी कसे जुळतात याच्या अभ्यासाची) 'इसिस' ही संस्थाही तिथेच. पॉलिमरसाठीची शार्ल सादरों संस्था, पदार्थांच्या (मटेरिअल्सच्या) भौतिकी-रसायनाची आय.पी.सी.एम.एस. आणि रसायन अभियांत्रिकीची ई.सी.पी.एम. ही शाळा पश्चिमेला क्रोनेनबुर्गला. औषधनिर्माणशास्त्र आणि पेशी-जनुकशास्त्राची आय.जी.बी.एम.सी. दक्षिणेला इलकिर्शला. औषधी रसायनात रस असेल तर दिवसाचा बराच वेळ इलकिर्शला जाईल, पॉलिमर असेल तर क्रोनेनबुर्गला. घर शोधताना हे आधी बघा. एस्प्लानादला ट्राम सी, ई, एफ जातात, इलकिर्शला ए.

फ्रेंच मास्टरमध्ये 'मांस्यों' म्हणजे मुख्य विषय आणि त्याखाली 'पार्कूर' म्हणजे नेमकी शाखा. प्रवेश पार्कूरला मिळतो, फक्त "रसायनशास्त्राला" नाही. एकाच मांस्योंखाली एक पार्कूर पूर्ण इंग्रजीत, दुसरं पूर्ण फ्रेंचमध्ये असू शकतं. सगळ्यात जास्त फसगत होते ती पहिलं वर्ष (एम-१) फ्रेंचमध्ये आणि दुसरं (एम-२) इंग्रजीत अशा पार्कूरमध्ये. माहितीपानावर फक्त "इंग्रजी" हा शब्द बघून अर्ज करू नका. दोन्ही वर्षांची विषययादी उघडून प्रत्येक विषयाची भाषा तपासा. तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर एम-१ लाच अर्ज करायचा. एम.एस्सी. किंवा चार वर्षांची पदवी असेल तर एम-२ चा विचार करता येतो, पण तिथे जागा मोजक्या असतात.

अर्ज भारतातून 'एत्यूद आँ फ्रान्स' या सरकारी पोर्टलवरूनच जातो. पोर्टल ऑक्टोबरमध्ये उघडतं. कागदपत्रं चढवायची, मग कॅम्पस फ्रान्स या फ्रेंच सरकारी संस्थेची शैक्षणिक मुलाखत, आणि सगळ्यात शेवटी व्हिसा. मुलाखतीत "फ्रान्सच का" यापेक्षा "हेच पार्कूर का" याला नेमकं उत्तर लागतं. दोन-तीन संशोधन गटांची कामं वाचून गेलं तर फरक पडतो. एकच प्रेरणापत्र (मोटिव्हेशन लेटर) सगळ्या विद्यापीठांना चिकटवलेलं निवड करणाऱ्यांना लगेच ओळखू येतं.

शिष्यवृत्तीचं वेळापत्रक याहून आधी चालतं. आयफेल या फ्रेंच सरकारी शिष्यवृत्तीसाठी विद्यार्थी स्वतः अर्ज करूच शकत नाही, विद्यापीठाने नाव पाठवावं लागतं. राष्ट्रीय मुदत जानेवारीत असल्याने विद्यापीठाची आतली निवड त्याआधीच उरकते. म्हणजे पार्कूरच्या जबाबदार प्राध्यापकांना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईमेल गेलं पाहिजे. शिवाय 'आय.टी.आय.' नावाच्या आंतरविद्याशाखीय संस्था आहेत, त्यातली एक रसायनाची. त्यांच्या मास्टर शिष्यवृत्त्या वेगळ्या असतात आणि त्यांची पानं वेगळी बघावी लागतात.

खर्च. २०२५-२६ साठी युरोपीय विद्यार्थ्यांना मास्टरची वार्षिक फी २५४ युरो, युरोपबाहेरच्यांना ३,९४१ युरो. विद्यापीठं काहींना या वाढीव फीतून सूट देतात, पण नियम दरवर्षी बदलतो. जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलेल्या आकड्यावर बजेट बांधू नका, त्या वर्षीचं फीचं पान बघा. पीएच.डी.ला ही वाढीव फी नाही, सगळ्यांना ३९७. याखेरीज 'सी.व्ही.ई.सी.' नावाचं शुल्क (२०२५-२६ मध्ये १०५ युरो). हे विद्यापीठाला नव्हे, क्रूस या विद्यार्थी-सेवा संस्थेच्या संकेतस्थळावर भरायचं. त्याची पावती नसेल तर नावनोंदणी पुढे सरकत नाही. व्हिसासाठी दरमहा ६१५ युरो दाखवावे लागतात, पण भाडं धरून ८०० च्या खाली महिना काढणं अवघड आहे. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला ९६४ तास काम करता येतं. प्रयोगशाळेच्या वेळापत्रकात तेवढे तास बसत नाहीत हे गृहीत धरा.

घराचं काम जूनपासूनच सुरू करावं. घरमालक फ्रान्समधला जामीनदार मागतात. त्यावर 'विझाल' ही मोफत हमी आहे, वय ३० पर्यंत मिळते. मात्र तिचं प्रमाणपत्र भाडेकरारावर सही करण्याआधी हातात हवं, नंतर काढून उपयोग नाही. खोली न बघता अनामत पाठवायला सांगणारी जाहिरात सोडून द्या. विमानासाठी पॅरिसऐवजी फ्रँकफर्टही बघा, मुंबईहून थेट उड्डाणं आहेत आणि पुढे रेल्वे किंवा बसने येता येतं.

गुण २० पैकी असतात. १० ला पास, १२ ठीक, १४ चांगले, १६ म्हणजे फारच उत्तम. नऊ सी.जी.पी.ए. घेऊन आलेल्यांना १३ बघून धक्का बसतो, पण तो चांगला गुण आहे. एम-२ चे गुण आणि चार ते सहा महिन्यांची इंटर्नशिप यावर पीएच.डी.ची जागा ठरते. तिथल्या डॉक्टरल करारात पगार असतो (२०२५ मध्ये दरमहा २,२०० युरो, कर-कपातीआधी). त्यामुळे पुढे संशोधन करायचं असेल तर इंटर्नशिप कुठल्या प्रयोगशाळेत हा प्रश्न पहिल्या सत्रातच डोक्यात हवा. दोन महिन्यांपेक्षा मोठ्या इंटर्नशिपला कायद्याने मोबदला द्यावा लागतो.

आणि तिकडे पोचल्यावरची एक गोष्ट: नावनोंदणी दोन असतात. प्रशासकीय नोंदणीत फी भरली, ओळखपत्र मिळालं की बरेच जण निर्धास्त होतात. दुसरी शैक्षणिक नोंदणी फॅकल्टीच्या कार्यालयात होते, त्यात विषय आणि प्रात्यक्षिकांचे गट निवडायचे असतात. ती राहिली तर परीक्षेच्या यादीत नाव येत नाही. वर्ग इंग्रजीत असले तरी त्या खिडकीवरचा व्यवहार फ्रेंचमध्येच चालतो. पुण्या-मुंबईच्या आलियाँस फ्रान्सेजमध्ये निदान ए-२ पर्यंतचं (म्हणजे सुरुवातीच्या दुसऱ्या पायरीपर्यंतचं) फ्रेंच निघायच्या आधी करून घ्या. व्हिसाची ऑनलाइन नोंद पोचल्यापासून तीन महिन्यांत आणि आरोग्यविम्याची मोफत नोंदणी पहिल्या आठवड्यांत करायची, त्यासाठी जन्मदाखल्याचं फ्रेंच भाषांतर आधीच तयार ठेवा.