गॅरेजच्या ऑटोमॅटिक दाराचा रिमोट हरवला, बाजारातला कुठलाही चालेल का?

कुठलाही चालणार नाही. आधी छताला बसवलेल्या मोटरच्या डब्यावरचं लेबल वाचा. मॉडेल नंबर आणि फ्रिक्वेन्सी (३१५, ४३३.९२ किंवा ८६८ मेगाहर्ट्झ वगैरे) बहुतेक वेळा तिथेच असते. फ्रिक्वेन्सी जुळली म्हणजे काम झालं, असं मात्र समजू नका. खरी मेख कोडिंगमध्ये, म्हणजे रिमोट मोटरला जो ओळखीचा संकेत पाठवतो त्यात आहे.

जुन्या पद्धतीच्या रिमोटमध्ये बॅटरीच्या झाकणाखाली आठ-दहा बारीक खटक्यांची पट्टी असते. तो फिक्स्ड कोड. नव्या रिमोटचे खटके मोटरमधल्या पट्टीसारखे वर-खाली केले की झालं. नव्या मोटरला रोलिंग कोड असतो, दर वेळी बटण दाबलं की कोड बदलतो. अशा मोटरला ‘कॉपी रिमोट’ म्हणून विकले जाणारे स्वस्त रिमोट सहसा चालत नाहीत. त्याच कंपनीचा, किंवा तुमचं मॉडेल यादीत असलेला युनिव्हर्सल रिमोट घ्या. मग मोटरवरचं ‘लर्न’ बटण दाबून सोडा, दिवा लागला की लगेच रिमोटचं बटण दाबा.

आणि हो, हरवलेला रिमोट कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. रोलिंग कोडच्या बऱ्याच मोटरमध्ये तेच ‘लर्न’ बटण जास्त वेळ दाबून धरलं की जुने सगळे रिमोट पुसले जातात. नवा जोडण्याआधी ते करा.